अवघड कादंबरी आणि रटाळ कादंबरी

परत आलेलं पुस्तक कपाटात लावण्याआधी मी त्याची पानं एकदा अंगठ्याने चाळते. वाचकांच्या खुणा आत राहिलेल्या असतात. एसटीचं तिकीट, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा, दिनदर्शिकेचं फाडलेलं पान, लग्नपत्रिकेचा कोपरा. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसून मला अठरा वर्षं झाली. पुस्तक पूर्ण करणारा माणूस सहसा आपली खूण काढून घेतो, एवढं मला या वर्षांत कळलं आहे. खूण आत राहिली, तर वाचन बहुधा तिथेच थांबलं. आमच्याकडे कादंबऱ्यांमध्ये ती बहुतेक करून चाळिसाव्या आणि ऐंशीव्या पानाच्या मधे सापडते.

पण तिकीट फक्त थांबल्याची जागा सांगतं. का थांबलात, ते विचारावं लागतं. विचारलं की जवळजवळ सगळे एकच उत्तर देतात: "कंटाळा आला हो." तरुण मुलं म्हणतात, "बोअर आहे, मॅडम." हा एक शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, असं माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे. काही कादंबऱ्या अवघड असतात म्हणून सुटतात आणि काही रटाळ असतात म्हणून. वाचणाऱ्याला त्या क्षणी दोन्ही अगदी सारखंच जाणवतं. डोळे ओळींवरून पुढे जातात, अर्थ मागे राहतो, तोच परिच्छेद तिसऱ्यांदा सुरू होतो आणि हात मोबाइलकडे जातो.

आतली गोष्ट मात्र उलटी असते. अवघड कादंबरीत आपलं लक्ष पुरत नाही, रटाळ कादंबरीत ते उरतं. अवघड कादंबरी आपल्याकडे असं काही मागते जे अजून आपल्याजवळ नाही: एखादी बोली, पंधरा-वीस नावं, काळाचे तुकडे जोडायची सवय. रटाळ कादंबरी काहीच मागत नाही, आणि जे देते ते आपल्याला दोन पानांपूर्वीच मिळालेलं असतं. मन भटकतं ते दोन्हीकडे, पण एकीकडे दमून आणि दुसरीकडे रिकामं राहून.

काही वर्षांपूर्वी एका काकूंनी उद्धव शेळक्यांची "धग" दुसऱ्याच दिवशी परत आणली. काकूंचं माहेर रत्नागिरीकडचं, सासर आमच्या गावातलं.

"ताई, हे घ्या. फारच रटाळ आहे."

"कुठपर्यंत आलात, काकू?"

"दहा-बारा पानं झाली असतील."

"आणि रटाळ काय वाटलं त्यात?"

"अहो, ती माणसं बोलतात काय तेच कळत नाही मला."

दहा-बारा पानांत कुठलीही कादंबरी रटाळ ठरत नाही. काकूंना कंटाळा आला नव्हता, त्या अडल्या होत्या. १९६० साली आलेल्या या कादंबरीत कौतिक, तिचा नवरा महादेव आणि त्यांची मुलं वऱ्हाडीत बोलतात. ज्याच्या कानावर "मले", "तुले", "कायले" कधी पडलंच नाही, तो प्रत्येक संवादाशी थबकतो. प्रत्येक शब्द आधी मनात प्रमाण मराठीत आणायचा, मग त्यातला राग किंवा माया ओळखायची. यात इतकी शक्ती जाते की कौतिकच्या संसाराची ओढाताण पोहोचायला जागाच उरत नाही. मी टेबलाशी उभ्या उभ्या त्यांना एक पान मोठ्याने वाचून दाखवलं. मी काही वऱ्हाडातली नाही, माझं वाचन अडखळतच होतं, पण डोळ्यांना परकं वाटलेलं बरंचसं कानांना ओळखीचं निघालं. काकूंनी पुस्तक पुन्हा नेलं. घरी स्वयंपाकघरात बसून पहिली वीस पानं मोठ्याने वाचली, असं त्यांनीच नंतर सांगितलं. बोली कानाने लवकर शिकली जाते. कोकणी वळणाच्या किंवा माणदेशी कादंबऱ्यांनाही हाच उपाय लागू पडतो.

अडण्याची कारणं अनेक. भालचंद्र नेमाडे यांची "हिंदू" २०१० साली आली तेव्हा आमच्याकडे तिच्यासाठी नावनोंदणी करावी लागली होती, आणि तिच्यात खुणाही भरपूर राहिल्या. कादंबरी सुरू होते ती मोहेंजोदडोच्या उत्खननावर. पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव तिथून वडिलांच्या आजारपणामुळे मोरगावकडे निघतो, आणि मग आठवणींना फाटे फुटत जातात. माणसं येतात, त्यांची भावकी येते, त्या भावकीतल्या कुणाची तरी गोष्ट येते. ज्याला "पुढे काय झालं" या दोरीला धरून वाचायची सवय आहे, त्याच्या हातातून दोरी सुटते. किरण नगरकरांच्या "सात सक्कं त्रेचाळीस"मध्ये (१९७४) काळच सरळ चालत नाही. मर्ढेकरांनी १९४२ मध्ये "रात्रीचा दिवस" लिहिली ती संज्ञाप्रवाहाच्या पद्धतीने, म्हणजे मनात जसं येतं तसं. तिथे वाचकाला वाक्याचा हात धरूनच पुढे सरकावं लागतं.

यातली सर्वांत फसवी अडचण नेमाड्यांच्याच "कोसला"ची. १९६३ साली, लेखक पंचविशीत असताना आलेली ही कादंबरी शब्दांनी मुळीच अवघड नाही. पांडुरंग सांगवीकर आपल्याशी बोलतो तसा कुठलाही कॉलेजातला मुलगा बोलेल, "उदाहरणार्थ" आणि "वगैरे" पेरत. एकही शब्द शब्दकोशात बघावा लागत नाही. तरी ती अर्ध्यात ठेवणारे मी कितीतरी पाहिले, आणि सगळ्यांची तक्रार एकच: "यात काही घडतच नाही." हे रटाळपणाचं लक्षण वाटतं ना? मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. मी वीस वर्षांची असताना ती एकदा सोडली होती. मी कथानकाची वाट बघत होते आणि कादंबरी मला एक आवाज ऐकवत होती. ती जे देत होती ते घ्यायला माझे हातच पुढे नव्हते. पुढे नोकरी लागल्यावर पुन्हा उघडली आणि बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग आला, तेव्हा हा सगळा विस्कळीत, थट्टेखोर वाटणारा आवाज कशाच्या काठावर उभा होता ते लख्ख कळलं. त्या भागानंतर मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. अपेक्षेची चूक ही अडचणीचीच एक जात आहे, पण ती हुबेहूब कंटाळ्याचा चेहरा लावून येते. म्हणून ती ओळखायला सर्वांत कठीण.

आता दुसरी बाजू. आमच्या वाचनालयाला जोडून अभ्यासिका आहे आणि तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं दिवसभर बसतात. त्यांतल्या एकाने एकदा एक जाडजूड, पुरस्कार मिळालेली कादंबरी परत केली. दीडशे पानं वाचून झाली होती.

"माझ्या डोक्यावरून गेलं, मॅडम. आपली तेवढी लायकी नाही."

मी म्हटलं, "बस जरा. जेवढं वाचलंस त्यात काय काय झालं ते सांग बघू."

त्याने तीन-चार मिनिटांत सगळं सांगितलं. कोण कुठला, कोणाचं कोणाशी वैर, कोणत्या तहात काय ठरलं. एकही धागा चुकला नाही. मीही ती वाचली होती. डोक्यावरून काहीच गेलं नव्हतं, सगळं डोक्यात नीट बसलं होतं. फक्त दीडशे पानांत जे सांगितलं ते चाळीस पानांत मावलं असतं. नायक करारी आहे हे एका प्रसंगातून कळतं, मग लेखक ते आपल्या शब्दांत सांगतो, मग दुसरं पात्र तेच म्हणतं, मग नायक स्वतः खिडकीशी उभा राहून तोच विचार करतो. सनावळ्या, सरदारांच्या याद्या, शस्त्रांची वर्णनं लेखकाने मेहनतीने जमवलेली, त्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण ती कुणाच्या डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. तलवार आहे, पण ती उचलणाऱ्याच्या मनगटात काय होतंय ते नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सगळी माणसं जिथे होती तिथेच.

त्या मुलाला रटाळ हा शब्द सुचला नाही, कारण पुस्तकावर पुरस्काराची मोहोर होती. मोहोर असलेलं पुस्तक रटाळ कसं असेल? मग दोष आपलाच. काकू जे करत होत्या त्याच्या बरोबर उलट. "कळलं नाही" म्हणायला संकोच वाटतो म्हणून माणूस अवघड पुस्तकाला रटाळ म्हणतो, आणि "कंटाळा आला" म्हणायची हिंमत होत नाही म्हणून रटाळ पुस्तकाला अवघड म्हणतो. पहिल्या चुकीत एक चांगली कादंबरी हातची जाते. दुसरी मला जास्त छळते. त्या मुलाच्या खात्यावर मी नंतर पाहिलं, पुढची दोन वर्षं त्याने एकही कादंबरी नेली नाही, फक्त मार्गदर्शकं आणि प्रश्नसंच. पुस्तक आवडलं नाही म्हणून वाचणं थांबवणारे कमी असतात. आपण वाचायच्या लायकीचे नाही असं ठरवून थांबणारे मी जास्त पाहिले आहेत, आणि ते काही सांगायलाही येत नाहीत, हळूहळू यायचेच बंद होतात.

पानांच्या संख्येचा इथे फारसा संबंध नाही, हे मला ठासून सांगायचं आहे, कारण "एवढी जाड कोण वाचणार" हे वाक्य मी रोज ऐकते. आमच्याकडच्या "मृत्युंजय"ची शिवण दोनदा उसवून पुन्हा बांधून घेतली आहे. १९६७ सालची ही कादंबरी चांगली जाडजूड आहे, ती कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून सांगितली जाते, आणि तिच्यात राहिलेली खूण मला क्वचितच सापडते. श्री. ना. पेंडशांचे "तुंबाडचे खोत" (१९८७) दोन खंडांत आहेत. पहिला खंड नेणारा दुसरा मागायला येतो, तोही अनेकदा मुदतीच्या आधी.

परदेशात या गोष्टीचं मोजमाप करायचा एक गमतीदार प्रयत्न झाला होता. जॉर्डन एलेनबर्ग या अमेरिकन गणितज्ञाने २०१४ मध्ये किंडलवर वाचक कोणत्या ओळी अधोरेखित करतात ते पाहिलं. सर्वाधिक अधोरेखित झालेल्या ओळी पुस्तकभर पसरल्या असतील तर लोक शेवटापर्यंत गेले असावेत, सुरुवातीलाच दाटल्या असतील तर नसावेत. पुस्तकाचा किती भाग वाचला जात असावा, याच्या या अंदाजात डॉना टार्टच्या सातशेहून अधिक पानांच्या "द गोल्डफिंच" कादंबरीला ९८.५ टक्के मिळाले, तर टॉमस पिकेटीच्या भांडवलावरच्या ग्रंथाला २.४ टक्के. हा सगळा खेळ आहे हे एलेनबर्गने स्वतःच मोकळेपणाने म्हटलं होतं. जाडी आणि पूर्ण होणं यांचं नातं सरळ नाही, एवढं मात्र त्यातही दिसतं. आणि माझ्या एसटीच्या तिकिटासारखंच, थांबण्याचं कारण त्यातूनही कळत नाही.

कारण कळत नसेल तर नियमही अर्धाच लागू पडतो. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम प्रसिद्ध आहे: पन्नास पानं वाचा, मन बसलं नाही तर सोडा. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं द्या. सत्तर वर्षांच्या आजोबांना तीस पानं पुरे. मला हा नियम मनापासून आवडतो, कारण तो वाचकाच्या आयुष्याची किंमत ओळखतो. रटाळ कादंबरीसाठी तो अगदी चोख आहे. अवघड कादंबरीच्या बाबतीत मात्र तो नेमका चुकीच्या जागी थांबवतो, कारण ज्या पानांत आपण बोली किंवा नावं शिकत असतो तीच ही पहिली पन्नास पानं. शिकून झालं आणि दार उघडायच्या वेळी उठून गेलो, असं होतं.

मग ओळखायचं कसं? मी वाचकांना दोन-तीन गोष्टी करून बघायला सांगते. पहिली, पानावर बोट ठेवा. अडचणीला जागा असते: हा शब्द, हे नाव, हे वाक्य, इथे कोण बोलतंय ते कळलं नाही. रटाळपणावर बोट ठेवता येत नाही, तो सगळ्या पानभर पातळ पसरलेला असतो. दुसरी, मागचं प्रकरण घरातल्या कुणालातरी सांगून बघा. त्या मुलाने सांगितलं तसं सगळं घडाघडा सांगता आलं आणि तरी पुढे जावंसं वाटत नसेल, तर तुम्ही कुठेही कमी पडलेला नाही. आणि तिसरी, जिच्यावर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे: दहा पानं उडवून पुढून वाचा. काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही तर कादंबरी रटाळ आहे. वाट चुकल्यासारखं झालं, "हा कोण, ही इथे कशी आली" असं झालं, तर ती दहा पानं काहीतरी काम करत होती.

दोन्ही एकमेकांत मिसळतात, तेव्हा मात्र कुठलीच परीक्षा पुरत नाही. इंग्रजी कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ यांचं उदाहरण मला या बाबतीत फार धीर देतं. जेम्स जॉइसची "युलिसिस" फेब्रुवारी १९२२ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाली. त्या ऑगस्टमध्ये वुल्फ यांनी रोजनिशीत लिहिलं की दोनशे पानं झाली, अजून एक तृतीयांशही नाही. पहिली दोन-तीन प्रकरणं, स्मशानातल्या प्रसंगापर्यंत, त्यांना आवडली होती. पुढे आपण गोंधळलो, कंटाळलो, चिडलो, असं त्यांनी एकाच वाक्यात नोंदवलं. गोंधळणं आणि कंटाळणं शेजारी शेजारी! सप्टेंबरमध्ये त्यांनी पुस्तक संपवलं आणि ते फसलंय असा निकालही दिला. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने त्यांच्या हातात अमेरिकेतल्या "द नेशन" साप्ताहिकातलं एक परीक्षण दिलं. ते वाचून वुल्फ यांनी लिहिलं की याने पहिल्यांदाच अर्थ उलगडून दाखवला, आपण समजलो त्याहून पुस्तक मोठं दिसतंय, काही प्रकरणं पुन्हा वाचायला हवीत. पुस्तक त्यांना मनापासून आवडलं असं नाही. पण इतक्या मोठ्या वाचकालाही आपल्या कंटाळ्यातला किती भाग न कळण्याचा होता ते एकटीने ठरवता आलं नाही, दुसऱ्या वाचकाची मदत लागली. अडचण फार काळ एकट्याने सोसली की तिचा कंटाळाच होतो.

म्हणून दोन्ही पुस्तकांशी वागायची रीत वेगळी. रटाळ कादंबरी सोडावी, आणि ती सोडताना मनाला काहीही लावून घेऊ नये. वर्गणी भरली आहे, शंभर पानं झालीच आहेत, हे तिच्यात आणखी चार संध्याकाळी घालवायचं कारण नाही. अवघड कादंबरी ठेवावी. ठेवणं म्हणजे सोडणं नव्हे. हरिभाऊ आपट्यांच्या काळात तर वाचकाला थांबण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. "करमणूक" साप्ताहिक त्यांनी १८९० साली सुरू केलं आणि "पण लक्षात कोण घेतो?" त्यातून क्रमशः येत गेली. पुढचा भाग येईपर्यंत तिच्यातल्या नायिकेबद्दल, यमुनाबद्दल घरात बोलायचं, मागचं आठवायचं, अंदाज बांधायचे. ते थांबणंही वाचनातच जमा होतं. आजच्या वाचकाने "हिंदू" दीड महिना बाजूला ठेवली आणि मग पुन्हा उचलली तर त्यात पराभव कसला? आमच्याकडची मुदत पंधरा दिवसांची असते, ती वाढवून घेता येते. मागणी नसेल तर मी कुणालाच नाही म्हणत नाही.

त्या "हिंदू"तच मला चारेक वर्षांपूर्वी एक चिठ्ठी मिळाली. दिनदर्शिकेच्या पानाच्या पाठीमागे निळ्या पेनाने कादंबरीतली नावं लिहिलेली, कोण कोणाचा कोण ते दाखवणाऱ्या रेघा, काही नावांपुढे प्रश्नचिन्हं. नियमाप्रमाणे अशा चिठ्ठ्या काढून टाकायच्या असतात. मी ती काढली नाही, पहिल्या कोऱ्या पानाशी ठेवून दिली. पुस्तक पुढे सात-आठ जणांकडे जाऊन आलं. गेल्या महिन्यात परत आलं तेव्हा पाहिलं, तर दोन प्रश्नचिन्हं काळ्या शाईने खोडून तिथे नाती लिहिली होती, आणि अगदी खाली, तिसऱ्याच कुणाच्यातरी बारीक अक्षरात, आणखी चार नावं वाढली होती.